उघडी संहिता आणि तिची राखण

ज्या सॉफ्टवेअरची अंतर्गत रचना कोणालाही वाचता येते ते अधिक सुरक्षित, की ज्याची रचना एका कंपनीने आपल्यापाशी झाकून ठेवली आहे ते अधिक सुरक्षित, हा संगणकविश्वातला जुना आणि अजूनही न मिटलेला वाद आहे. तो नीट कळायचा तर सॉफ्टवेअर तयार कसे होते हे आधी पाहावे लागते. प्रोग्रॅमर आज्ञा लिहितो त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत. या मजकुराला सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, म्हणतात. कंपायलर नावाचे दुसरे सॉफ्टवेअर या संहितेचे यंत्राला कळणाऱ्या अंकरूप आज्ञांमध्ये रूपांतर करते, आणि संगणकावर किंवा फोनवर प्रत्यक्ष चालते ते हे रूपांतर. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसारख्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या हाती केवळ रूपांतर येते, संहिता कंपनीकडेच राहते. लिनक्स, फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मात्र संहिताही सर्वांना उपलब्ध असते, आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेली प्रत इतरांना देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो.

संहिता उघडी ठेवली तर ती हल्लेखोरालाही वाचता येईल, ही यावरची पहिली शंका आहे आणि तिचे उत्तर संगणकापेक्षाही जुने आहे. ऑग्युस्त केरकॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात गुप्तलेखनाच्या पद्धतींविषयी लिहिताना अशी अट घातली की, पद्धतीची सारी रचना शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. आतली रचना कोणाला ठाऊक नाही एवढ्याच भरवशावर टिकणारे कुलूप पहिल्याच कारागिराने खोलून पाहिले की निकामी होते, तर चांगल्या कुलपाची रचना गावभर माहीत असली तरी किल्लीवाचून ते उघडत नाही. शिवाय बंदिस्त सॉफ्टवेअरही चिकाटीच्या हल्लेखोरापासून खऱ्या अर्थाने लपलेले नसते. यंत्रभाषेतल्या आज्ञा उलगडून वाचणारी साधने सर्रास मिळतात, आणि कंपनीने एखादा दोष दुरुस्त केला की दुरुस्तीआधीची व नंतरची प्रत शेजारी ठेवून नेमका दोष कोठे होता हे हुडकून काढणारेही असतात. संहिता झाकल्याने अडवणूक होते ती मुख्यतः सद्हेतूने वाचू इच्छिणाऱ्याची.

उघडेपणाने सुरक्षितता कशी साधते, याचे सर्वांत चांगले उदाहरण कूटलेखनाच्या, म्हणजे मजकूर किल्लीवाचून न वाचता येणाऱ्या रूपात बदलण्याच्या, क्षेत्रात सापडते. अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९७ मध्ये नव्या कूटलेखन पद्धतीसाठी जगातील सर्व तज्ज्ञांना खुले आवाहन केले. स्पर्धेत उतरलेल्या १५ पद्धतींचा सारा तपशील प्रसिद्ध झाला आणि स्पर्धकांनी एकमेकांच्या पद्धती फोडण्याचा कसून प्रयत्न केला. त्या झटापटीतून २००० मध्ये योआन दामेन आणि विन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन संशोधकांची राइनडाल ही पद्धत निवडली गेली, आणि २००१ मध्ये ती एईएस या नावाने मानक ठरली. आज बँकेच्या व्यवहारांपासून व्हॉट्सॲपच्या संदेशांपर्यंत ती सर्वत्र वापरली जाते. या यशात एक गोष्ट ठळक आहे. येथे तपशील केवळ उघडा नव्हता. तो वाचण्याचे ज्ञान असलेली आणि त्यात दोष काढण्यात स्वतःचे हित असलेली माणसे खरोखरच वाचायला बसली होती.

मुक्तस्रोताच्या समर्थकांकडून नेमका हाच फरक सुटला. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात, पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही अशा आशयाचा सिद्धांत आहे, आणि त्याला त्यांनी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव दिले. ‘पुरेसे असतील तर’ ही अट पुढे विसरली गेली आणि ‘उघडे म्हणजे सुरक्षित’ एवढेच उरले. तो काळही तशा घोषणांचा होता. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००१ मध्ये लिनक्सच्या परवान्याविषयी बोलताना लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली, आणि त्याच वर्षी कोड रेड व निमडा या ‘वर्म’नी, म्हणजे संगणकातून संगणकात आपोआप पसरणाऱ्या घातक आज्ञावल्यांनी, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर सॉफ्टवेअरची दैना उडवली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी असे धोरण जाहीर केले. त्यानंतर विंडोजचे नवे काम थांबवून अभियंत्यांना सुरक्षित लेखनाचे प्रशिक्षण दिले गेले, २००३ पासून दुरुस्त्या दर महिन्याला ठरलेल्या दिवशी येऊ लागल्या, आणि २००४ च्या एका मोठ्या सुधारणेनंतर विंडोजमधील फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत, मुळातच चालू स्थितीत मिळू लागली. ही सुधारणा खरी होती आणि मुक्तस्रोताच्या पक्षपात्यांनी तिचे मोल मोकळेपणाने मान्य करायला हवे. संहिता बंद असूनही पैसा, शिस्त आणि जबाबदार माणसे लावली की सुरक्षितता वाढते, हे तिने दाखवून दिले.

याच्या उलट बाजूचा धडा ७ एप्रिल २०१४ रोजी जगाला मिळाला. संकेतस्थळ आणि वाचक यांच्यातील देवाणघेवाण कूटलेखनाने झाकण्याचे काम ओपनएसएसएल हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करते. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यात एक सोय होती. एका संगणकाने थोडा मजकूर पाठवायचा, तो किती लांबीचा आहे हे सांगायचे, आणि दुसऱ्याने तेवढाच मजकूर परत करायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायला मात्र संहिता लिहिणारा विसरला आणि ती तपासणाऱ्याच्याही नजरेतून ही चूक निसटली. त्यामुळे एखाद्याने एकच अक्षर पाठवून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर सर्व्हर आपल्या स्मृतीत त्या अक्षरालगत जे काही पडले असेल ते उचलून पाठवून देई, मग त्यात इतरांचे पासवर्ड असोत की खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. या प्रकाराची नेहमीच्या नोंदींमध्ये खूणही उरत नसे. ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला जाणारा हा दोष मार्च २०१२ पासून प्रसृत झालेल्या आवृत्त्यांमध्ये होता. म्हणजे दोन वर्षे तो साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर उघडा होता, आणि अखेर गूगलचे नील मेहता व फिनलंडची कोडेनॉमिकॉन ही कंपनी यांनी तो एकमेकांच्या नकळत शोधून काढला.

दोषापेक्षा त्यामागची परिस्थिती अधिक धक्कादायक होती. जगातील सुरक्षित संकेतस्थळांचा फार मोठा भाग ज्यावर उभा होता, त्या ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि त्यावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. अब्जावधी डॉलरच्या कंपन्यांनी ही संहिता फुकट उचलली, आपल्या यंत्रांत बसवली, आणि ती कोण सांभाळतो याची विचारपूसही केली नाही. याला दुर्लक्ष म्हणणे सौम्य ठरेल. दुसऱ्याच्या कष्टांवर घेतलेला हा नफा होता. दोष उघड झाल्यावर काही आठवड्यांतच लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी निधी उभारला, आणि ओपनबीएसडी या प्रकल्पाच्या लोकांनी ओपनएसएसएलची संहिता घेऊन तिची साफसफाई केलेली लिब्रेएसएसएल ही वेगळी शाखा सुरू केली. मूळ प्रकल्पाशी मतभेद झाल्यास त्याच संहितेवर स्वतंत्र प्रकल्प उभारण्याचा हा हक्क मुक्तस्रोताचे खरे बळ आहे, कारण बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकापाशी अशा वेळी वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नसते.

हार्टब्लीड एकटा नव्हता. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २००६ मध्ये एका तपासणी साधनाची सूचना टाळण्यासाठी ओपनएसएसएलमधील काही ओळी वगळल्या गेल्या. त्याने किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता इतकी आटली की एका प्रकारच्या यंत्रावर ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२,७६७ वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. एवढ्या किल्ल्या एकेक करून लावून पाहणे साध्या संगणकालाही जड नाही. ही चूकही मे २००८ पर्यंत सर्वांसमोर उघडी पडून होती.

चूक आणि कपट यांत फरक आहे, आणि मुक्तस्रोताची सर्वांत कठोर परीक्षा कपटाने घेतली. फाइल लहान करून साठवणारे एक्सझेड हे छोटेसे सॉफ्टवेअर बहुतेक साऱ्या लिनक्स संगणकांवर असते, आणि ते अनेक वर्षे लासे कोलिन हे मुख्यतः एकटेच सांभाळत होते. २०२१ पासून जिया टॅन हे नाव धारण केलेली एक व्यक्ती, किंवा त्या नावामागचा गट, या प्रकल्पाला उपयोगी सुधारणा पाठवू लागला. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी कोलिन यांच्यावर कामाच्या दिरंगाईबद्दल तगादा सुरू केला आणि दुसरा सांभाळकर्ता नेमण्याचा आग्रह धरला. प्रकृतीच्या तक्रारींनी थकलेल्या कोलिन यांनी ती जबाबदारी हळूहळू जिया टॅनकडे सोपवली. २०२४ च्या सुरुवातीला प्रसृत झालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये एक चोरदरवाजा होता. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेत शिरून, विशिष्ट गुप्त किल्ली असलेल्याला संपूर्ण यंत्र ताब्यात देणारा हा मार्ग होता. मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला आपल्या चाचण्यांत एसएसएचच्या प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्यांनी त्या विलंबाचा माग काढला आणि २९ मार्च रोजी सारा प्रकार जाहीर केला. तोवर दूषित प्रत डेबियन व फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचली होती. काही महिने आणखी गेले असते तर ती जगभरच्या सर्व्हरवर असती.

या प्रकरणाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने लावला. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाजूने असे म्हटले गेले की, कोणीही अनोळखी माणूस आत शिरू शकतो असे घर सुरक्षित कसे म्हणावे. उलट बाजूने, फ्रॉइंड यांना संहिता पाहता आली म्हणूनच कट उघडकीस आला, असे उत्तर दिले गेले. दोन्हींत तथ्य आहे, पण अधिक महत्त्वाची गोष्ट तिसरीच आहे. चोरदरवाजा जोडणारा निर्णायक भाग सार्वजनिक भांडारातील रोज वाचल्या जाणाऱ्या संहितेत नव्हता. तो फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता, आणि घातक आज्ञा चाचणीसाठीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींमध्ये दडवलेल्या होत्या. म्हणजे लोक जे वाचत होते आणि लोकांच्या यंत्रावर जे चालणार होते, ते एकच नव्हते. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हाच धोका दाखवला होता. कंपायलरच दूषित केला, तर निर्मळ संहितेतूनही दूषित सॉफ्टवेअर तयार होते आणि संहिता वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. यावर डेबियन व इतर प्रकल्पांतील स्वयंसेवक गेली अनेक वर्षे एक उपाय उभारत आहेत. कोणीही, कोठेही त्याच संहितेपासून सॉफ्टवेअर बांधले तर ते अक्षरशः बिटागणिक सारखेच निघावे, म्हणजे वितरित प्रतीशी ताडून पाहता येईल. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला प्रसिद्धी नाही, तरी उघडेपणाच्या दाव्याला अर्थ येतो तो याच कामाने.

बंदिस्त बाजूला याच प्रकारचा घात आधीच होऊन गेला होता आणि त्याची झळ महाराष्ट्रालाही लागली. युक्रेनमधील मेडॉक या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी शिरकाव केला, आणि २७ जून २०१७ रोजी त्या अधिकृत वाटेनेच नॉटपेट्या ही विध्वंसक आज्ञावली बाहेर पडली. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे काही तासांत कोलमडले आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे एक टर्मिनल ठप्प झाले. पसरण्यासाठी या आज्ञावलीने विंडोजमधील ज्या त्रुटीचा आधार घेतला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिलेली होती. १२ मे रोजी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला जेरीस आणणाऱ्या वॉनाक्राय या घातक आज्ञावलीनेही तीच त्रुटी वापरली होती. त्रुटीचा वापर करणारे हत्यार मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, घडवले होते आणि तिच्याकडून ते फुटले. एका सरकारी यंत्रणेने दोष ठाऊक असूनही तो स्वतःच्या उपयोगासाठी दडवून ठेवावा आणि त्याची किंमत रुग्णालयांनी व बंदरांनी मोजावी, यात सॉफ्टवेअर उघडे की बंद हा प्रश्न पार मागे पडतो.

दुरुस्ती निघणे आणि ती पोहोचणे यांतील हे अंतर सर्वसामान्य माणसाला सर्वाधिक भोवते ते फोनमध्ये. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असून त्याची मूळ संहिता उघडी आहे. ॲपलच्या आयफोनची प्रणाली बहुतांशी बंदिस्त आहे. तरीही २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट हा गंभीर दोष सापडला तेव्हा गूगलने दुरुस्ती तयार केली, पण ती चिप बनवणारी कंपनी, फोन बनवणारी कंपनी आणि काही देशांत मोबाइल सेवा देणारी कंपनी अशा पायऱ्या उतरत ग्राहकापर्यंत यायची होती, आणि कित्येक स्वस्त फोनांपर्यंत ती आलीच नाही. ॲपल मात्र आपल्या साऱ्या चालू फोनांना एकाच दिवशी दुरुस्ती देऊ शकते. दुसरीकडे, त्याच बंदिस्तपणामुळे आयफोनमध्ये कोणी शिरले आहे का, हे बाहेरच्या अभ्यासकाला तपासणे अवघड जाते. पेगॅसस या हेरगिरी सॉफ्टवेअरने वापरलेली एक त्रुटी २०२१ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एका कार्यकर्त्याच्या फोनची चिकाटीने तपासणी करून शोधली, तेव्हा कोठे ॲपलला ती बुजवता आली. फोन घेताना कॅमेऱ्याची चौकशी सगळे करतात. सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळतील, हा प्रश्न मात्र दुकानात क्वचितच ऐकू येतो, आणि तो विचारला गेला पाहिजे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून फोन कंपन्यांवर किमान पाच वर्षे अपडेट पुरवण्याचे बंधन घातले आहे. भारतातल्या ग्राहकालाही तसे संरक्षण मिळायला हवे.

सुरक्षिततेत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे आपली यंत्रणा आपल्या हुकमतीत असणे. अमेरिकेतील डॅन गीअर, ब्रूस श्नायर आदी तज्ज्ञांनी २००३ मध्येच एका अहवालातून इशारा दिला होता की, जगातील बहुतेक संगणक एकाच कंपनीच्या प्रणालीवर चालत असतील तर तिच्यातला एक दोष एकाच वेळी सर्वांचा दोष होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यात कोणी हल्लेखोर नव्हताच. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीची ईमेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवली. या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचा मोठा वाटा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले होते. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न आहे. भारतीय भूमीवरच्या कंपनीची रोजची पत्रव्यवहाराची सोय परदेशातील निर्णयाने एका दिवसात बंद होऊ शकते, ही बाब त्याहून गंभीर आहे.

भारत सरकारने या दिशेने काही पावले आधीच टाकली आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही लिनक्सवर आधारित प्रणाली विकसित केली. केंद्राच्या २०१५ च्या धोरणाने सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे ठरवले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवर उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली माया ही प्रणाली बसवण्यास सुरुवात केली. आरोग्य सेतू या ॲपविषयी शंका उठल्यावर मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता खुली करून दोष शोधणाऱ्यांना बक्षिसेही जाहीर झाली. पण या धोरणांचा भर स्वीकारावर आहे, सांभाळावर नाही. बॉस काय किंवा माया काय, त्यांच्या पोटात हजारो लहान लहान मुक्तस्रोत घटक आहेत, ज्यांपैकी अनेक जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातला एखादा कोलिन रात्री जागून सांभाळतो आहे. प्रणालीला भारतीय नाव दिल्याने त्या घटकांची तपासणी होत नाही. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड हा सरकारी निधी उभारून अशा सांभाळकर्त्यांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. भारतातील प्रशिक्षित अभियंत्यांची संख्या पाहता, असा निधी आणि त्याच्या जोडीला संहिता वाचणाऱ्यांची कायमस्वरूपी पथके उभारणे या देशाला मुळीच अवघड नाही. आजवर ते प्राधान्यक्रमात वर आले नाही, एवढेच.

युरोपात ही जबाबदारी आता कायद्याने ठरू लागली आहे. २०२४ मध्ये संमत झालेल्या सायबर रेझिलियन्स ॲक्टनुसार सॉफ्टवेअर किंवा इंटरनेटला जोडलेली यंत्रे विकणाऱ्यावर त्यातील सर्व घटकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी येते, मग ते घटक त्याने स्वतः लिहिलेले असोत वा फुकट उचललेले. नफ्यासाठी नव्हे तर हौसेने संहिता लिहिणाऱ्यावर हा भार टाकलेला नाही. मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्या आपली उत्पादने युरोपात विकतात, त्यांना तोवर आपल्या मालातल्या प्रत्येक मुक्तस्रोत घटकाची यादी करावी लागेल, आणि त्या यादीतील प्रत्येक नावापुढे तो घटक कोण सांभाळतो आणि त्यात दोष निघाल्यास दुरुस्ती कोण करणार, याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.